डावा डोळा मिटून

संशय घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. धुळं सोडून शिरपूरच्या रस्त्याला लागलं की एक जिनिंग आहे, तिथं मी कापसाचा ग्रेडर. शेतकरी ट्रॉली भरून कापूस आणतो. मी त्यात कोपरापर्यंत हात खुपसतो, आतून मूठभर ओढून काढतो आणि माल कसा आहे ते सांगतो. भाव त्यावरून ठरतो. वर पहिल्या वेच्याचा पांढराशुभ्र कापूस आणि खाली फरदड, असं रचून आणणारे महाभाग मी बावीस वर्षं पकडत आलोय. फरदड म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांना पुन्हा पाणी देऊन काढलेला कापूस, आखूड धाग्याचा आणि पिवळट. कोणी तळाला पाणी मारून आणतं, कोणी मधे कचरा दाबतं. त्यामुळे माणूस समोर आला की हा काय लपवतोय, हा माझा पहिला विचार. भाजीवाला असो की घरी आलेला पाहुणा, सुटका कोणाचीच नाही. बायको म्हणते, उद्या देव दारात आला तरी तुम्ही त्याला आधी खालून चाचपून बघाल.

बघायची माझी एक पद्धत आहे. डाव्या मनगटावर काळं फडकं बांधलेलं असतं. मुठीतल्या कापसातली एक सरकी दाताखाली धरायची. कट्‌कन फुटली तर माल कोरडा. मग दुसऱ्या सरकीभोवतीचे तंतू अंगठ्यांनी ओढून सरळ करायचे, काळ्या फडक्यावर ठेवायचे, डावा डोळा मिटायचा आणि उजव्यानं त्यांची टोकं बघायची. तंतू कुठवर पोचतो, मधेच तुटतो का, रंग कसा, सगळं त्या एका नजरेत. माल पसंत पडला तर ती चिमूट मी शेतकऱ्याच्या हातात परत देतो. नापसंत असला तर खाली टाकतो. तोंडानं बोलावं लागत नाही. चिमूट जमिनीवर पडलेली सगळं यार्ड बघतं आणि तो माणूस मान खाली घालून ट्रॉली वळवतो.

हे सगळं मी ज्यांच्याकडून शिकलो त्यांना आम्ही नाना म्हणायचो. माझ्या आधीचे ग्रेडर. त्यांचा शब्द यार्डात कोणी मोडत नसे. मग एका हंगामात नाना जवळचा चष्मा लावून आले. तो लावला की कापूस दिसे, पण ट्रॉलीचं मागचं तोंड पुसट होई, म्हणून ते सारखे चष्मा काढत, घालत, धोतराच्या सोग्यानं पुसत. दोन महिन्यांत शेतकऱ्यांनी त्यांना खाऊन टाकलं. चिमूट खाली पडली की लगेच, "नाना, चष्मा पुसा बरं," आणि सगळे हसणार. पुढच्या दिवाळीला शेठनी नानांना शाल दिली आणि फडकं माझ्या मनगटावर आलं. तेव्हा मीही हसलो होतो, हे लिहायला लाज वाटते.

म्हणून जेव्हा माझा हात आपोआप लांब जायला लागला तेव्हा माझी पाचावर धारण बसली. आधी मोबाइल लांब गेला, मग औषधाची बाटली, मग पेपर. "आता हात भाड्यानं आणावे लागतील," बायको म्हणाली. चाळिशी लागली होती, तीही पंचेचाळिशी उलटून गेल्यावर. घरात चष्मा लावायला माझी हरकत नव्हती. पण यार्डात काळ्या फडक्यावरची टोकं मला दिसेनाशी झाली होती आणि मी नुसत्या बोटांच्या अंदाजावर भाव सांगत होतो. एक अख्खा हंगाम मी असा रेटला. दुसऱ्यांची चोरी पकडणारा मी स्वतःच चोरासारखा वागत होतो आणि त्याची चीड मी शेतकऱ्यांवर काढत होतो.

जळगावला एका लग्नात कोणीतरी सांगितलं की आता डोळ्यात बसवायच्या लेन्स निघाल्यात, जवळचं आणि लांबचं दोन्ही एकाच लेन्समधून दिसतं. माझ्या मनात आलं, इथं कुठंतरी पाणी मुरतंय. एका काचेतून दोन्ही कसं दिसेल? तरीही संक्रांतीच्या आधी मी एक दिवस रजा टाकून जळगावची एसटी पकडली. धुळ्यात डोळ्यांचे डॉक्टर कमी नाहीत, पण तिथं दाराबाहेरच्या बाकावर हमखास कोणीतरी कापूसवाला बसलेला असतो. पारोळा, एरंडोल करत जळगावला पोचेपर्यंत मी ठरवून टाकलं होतं की आपण काय करतो ते कोणाला सांगायचं नाही. ग्रेडरचा डोळा गेला ही बातमी कापसाबरोबर कुठेही जाऊ शकते.

डॉक्टर बाई माझ्या पुतणीच्या वयाची होती. "काका, काम काय करता?" तिनं विचारलं. "किराणा दुकान आहे," मी म्हणालो. तिनं लिहून घेतलं. मग तिनं समजावलं, ते मी हातचं राखून ऐकलं. डोळ्यातलं आपलं स्वतःचं भिंग लहानपणी मऊ असतं, जवळचं बघताना ते फुगतं. वय वाढलं की ते ताठर होत जातं, फुगायचं बंद होतं, म्हणून जवळचं दिसत नाही. "या लेन्समध्ये एकात एक अशी वर्तुळं असतात," ती म्हणाली. "काही भागातून लांबचं स्पष्ट येतं, काही भागातून जवळचं. दोन्ही चित्रं एकदमच डोळ्यात जातात. जे हवं ते मेंदू उचलतो, नको त्याकडे दुर्लक्ष करतो. त्याला ही सवय लागायला आठ-पंधरा दिवस द्यायचे."

"म्हणजे मिक्स माल," मी म्हणालो. ती हसली. मी हसलो नाही. बावीस वर्षं ज्याच्यावर मी दात ठेवून होतो तेच ही बाई माझ्या डोळ्यात भरणार होती, आणि वर म्हणत होती की चांगलं ते निवडायचं काम तुमचं.

तिनं माझ्याकडून आणखी एक गोष्ट करून घेतली. दोन्ही हातांच्या पंजांमध्ये एक भोक ठेवून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला लावलं आणि एकेक डोळा मिटायला सांगितला. उजवा मिटला की घड्याळ गायब. "तुमचा उजवा डोळा पुढारी आहे," ती म्हणाली. "त्याला लांबचं झुकतं माप देते, डाव्याला जवळचं. दोघं मिळून काम करतील. बघताना दोन्ही डोळे उघडे ठेवा, एक मिटून तपासत बसू नका." माझे कान टवकारले. माल तपासू नका असं म्हणणारा माणूस मी ट्रॉलीच्या पुढं किती वेळा बघितलाय. पण मला वाटलं ही दुकानदारीची भाषा आहे, असेल तिची पद्धत, आणि मी ते सोडून दिलं.

लेन्स घालून तिनं मला तासभर बाहेर फिरून यायला सांगितलं. मी बाजारात गेलो. सराफांच्या पाट्या वाचल्या, जरा मऊ वाटल्या पण वाचल्या. भरताच्या वांग्यांच्या ढिगापाशी उभा राहिलो, काटा दिसला. तिच्या दवाखान्यातल्या वाचायच्या कार्डावर माझा विश्वास नव्हता, म्हणून खिशातून एसटीचं तिकीट काढलं. मशीनचं तिकीट, अर्धी शाई उडालेली. हात लांब न करता मी ते वाचलं, धुळे, जळगाव, वेळ, गाडीचा नंबर, सगळं. भर रस्त्यात माझ्या डोळ्यात पाणी आलं आणि लेन्स वाहून जाईल की काय म्हणून मी मान वर करून उभा राहिलो. इतका आनंद झाला की शंका घ्यायचंच विसरलो. पैसे दिले, रात्री काढून ठेवायच्या, हात धुऊनच हाताळायच्या, झोपताना डोळ्यात ठेवायच्या नाहीत, हे सगळं ऐकलं आणि घरी आलो.

आठवडाभर घरात सराव केला. बायकोला सांगितलंच होतं. ती मला आरशापुढं बुबुळाला बोट लावताना बघून देवघरात निघून जायची. पेपर दिसत होता, समोरच्या गच्चीवरचे कपडे दिसत होते. दिव्यांभोवती संध्याकाळी थोडं वलय यायचं, पण ते कमी होईल असं डॉक्टर बाईनं सांगितलंच होतं. मग एका सोमवारी मी लेन्स घालून यार्डात गेलो. आभाळ आलं होतं, उजेड मळका होता.

चौथी की पाचवी ट्रॉली आबांची होती. नरडाण्याच्या बाजूच्या एका गावचे हे म्हातारे शेतकरी वीस वर्षं माझ्याकडे कापूस आणतात, आणि वीस वर्षांत त्यांची चिमूट मी एकदाही खाली टाकली नव्हती. चांगला भाव येईपर्यंत माल घरात नीट साठवतात आणि संक्रांत झाली की घेऊन येतात. मी हात घातला, ओढलं, सरकी चावली, कोरडी. तंतू फडक्यावर घेतले, डावा डोळा मिटला आणि बघितलं. तंतू आखूड होते. टोकं नव्हतीच. कडेला पिवळट धुरकट काहीतरी होतं. मी दुसरी मूठ काढली, तिसरी काढली, तेच.

मला काय वाटलं ते खरं सांगतो. मला वाईट वाटलं नाही, राग आला. मनात आलं, हेही. वीस वर्षं विश्वास कमावला आणि आता म्हातारपणी तो वटवायला निघाले. "आबा, माल मिक्स शे," मी म्हणालो. "खालतून फरदड शे."

"भाऊ, वीस वरीस व्हयनात," आबा म्हणाले, "मना कापूसले तू कधी नाव ठेवं नही."

मी ते काळं फडकं तंतूंसकट त्यांच्या नाकासमोर धरलं. "तुमीच देखा."

आबांनी बघितलं आणि ते मागं झुकले. मान मागं, खांदे मागं, जणू मी त्यांच्या तोंडापुढं विस्तव धरला होता. माझ्या धंद्यात ह्याला फार किंमत असते. ज्याचा माल खरा तो पुढं वाकून बघतो, ज्याच्या मनात पाप तो मागं सरतो. माझी खात्री पटली. आबा हळू आवाजात म्हणाले, "तू म्हनस तं खरंच व्हई." मी चिमूट खाली टाकली. मागच्या ट्रॉलीवरचे लोक टाचा उंचावून बघत होते. मी मिक्सचा भाव सांगितला, तो त्यांनी घेतला नाही. भरलेली ट्रॉली तशीच वळवून ते गावी गेले. भरलेली ट्रॉली गावात परत येणं म्हणजे काय, ते आमच्याकडं कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

त्या दिवशी मी आणखी सहा-सात जणांचा माल मिक्समध्ये पाडला, त्यांनी कुरकुरत तो भाव घेतला. दुसऱ्या दिवशीही तेच. शेठ काचेमागून बाहेर आले. त्यांचं घराणं राजस्थानातून आलेलं, माल बघताना बोलतात मराठी, नाराज झाले की हिंदी. "भाऊ, आज बडा कडक हो गया?" मी म्हणालो, लोक बदलले शेठ. पण मलाच चैन पडेना. एका दिवसात सगळा तालुका बेइमान होईल हे माझ्यासारख्या माणसालाही पटत नव्हतं.

दुपारी एका ट्रॉलीपाशी वाऱ्यानं रुईचा, म्हणजे कापसाच्या तंतूंचा, कण उडाला आणि माझ्या उजव्या डोळ्यात गेला. लेन्सखाली कण म्हणजे नुसती आग. मी उजवा डोळा घट्ट मिटला आणि हातातलं काम टाकता येईना म्हणून डाव्यानं फडक्याकडं बघितलं. तंतू लांब होते. एकेक टोक वेगळं, अगदी अणकुचीदार. मी डावा मिटला, उजवा कसाबसा उघडला. टोकं गेली, तंतू आखूड झाले. पुन्हा डावा उघडला, पुन्हा लांब. शेतकऱ्याला वाटलं मी त्याला डोळे मारतोय.

घरी जाऊन मी लेन्सच्या दोन्ही डब्या खिडकीत धरल्या. दोन्हींवरची अक्षरं वेगळी होती. चोरी सापडली, मी म्हणालो. एका डोळ्याला चांगला माल आणि दुसऱ्याला फरदड! दोन डोळ्यांचे पैसे घेऊन एकाच डोळ्याचा माल दिला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी जळगाव गाठलं. सगळ्या रस्त्यात मी भांडणाची वाक्यं जुळवत होतो.

डॉक्टर बाईनं माझी सगळी आरडाओरड ऐकून घेतली. मग म्हणाली, "काका, दोन्ही वेगळ्याच आहेत. मी सांगितलं होतं. उजवी लांबच्या बाजूला झुकलेली, डावी जवळच्या. पण दुकानात तुमचं काय अडलं? तुम्ही नक्की काय बघता, ते मला करून दाखवा."

मी खिशात हात घातला. ग्रेडरच्या खिशात कापूस निघतोच. मनगटावर रुमाल बांधला, तोही नेमका काळा होता, तंतू ओढले आणि नेहमीसारखा डावा डोळा मिटला.

"थांबा," ती म्हणाली. "तो का मिटलात?"

"असंच बघतात."

"कोण?"

"आमच्या नानांनी शिकवलं." आणि ते शब्द तोंडातून बाहेर पडता पडता मला नानांचा चेहरा दिसला. नानांच्या डाव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं. लहानपणी बाभळीचा काटा गेला होता म्हणे. त्यांना त्या डोळ्यानं दिसतच नव्हतं, म्हणून ते तो मिटत. मी तो हुन्नर समजून उचलला आणि बावीस वर्षं एक धडधाकट डोळा मिटत आलो. तोवर उजवा चांगला होता म्हणून निभावलं. आता ज्या डोळ्याला जवळचं दिसायला हवं होतं तोच मी मिटत होतो.

"तुम्ही किराणा सांगितलात," ती शांतपणे म्हणाली. "कापूस सांगितला असतात तर मी वेगळा विचार केला असता. आणि रुईच्या धुळीत या लेन्स नुसत्या घालून उभं राहायला मी कधीच सांगितलं नसतं." तिनं दोन्ही डोळे उघडे ठेवून बघायला सांगितलं. मी बघितलं. क्षणभर गोंधळ झाला, मग टोकं दिसली. एकही कमी नाही. तिनं मला रोज नव्या घालून संध्याकाळी फेकून द्यायच्या लेन्स दिल्या आणि यार्डात वरून बिननंबरचा बंदिस्त गॉगल घालायची अट घातली. चष्मा टाळायला लेन्स घेतल्या आणि लेन्स सांभाळायला गॉगल आला. माझ्यासारख्याला हे योग्यच होतं.

परतीच्या एसटीत मला भांडणाचं एकही वाक्य आठवत नव्हतं. आबांचं मागं झुकणं तेवढं आठवत होतं. बाकीच्यांचा पाडलेला भाव शेठना सांगून दुरुस्त करता येणार होता. आबांची खाली टाकलेली चिमूट कशी उचलायची, ते मला सुचत नव्हतं. शेठना मी संध्याकाळी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चश्मा लगाओ, दूरबीन लगाओ, पण चांगल्या मालाची ट्रॉली माझ्या फाटकातून परत जाता कामा नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरसायकल काढून मी आबांच्या गावी गेलो. आबा ओट्यावर बसले होते. आतून कोणी पाणी आणलं नाही. खानदेशातल्या घरात उंबऱ्याशी आलेल्याला पाणी मिळत नाही तेव्हा समजून जायचं. मी म्हणालो, आबा, चूक माझी झाली, डोळ्याची भानगड होती, माल तुमचा चोखच होता. मला वाटलं ते रागावतील किंवा हसतील. त्यांचा चेहरा उतरला.

"हाऊ कापूस वहूनी येचेल शे," ते म्हणाले. वहू म्हणजे त्यांची सून. हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या घरात शेवटच्या वेच्याची फरदड सुनेची असते. ती स्वतः वेचते, वेगळी विकते, त्यातून स्वतःला हवं ते घेते. ट्रॉली परत आली तेव्हा आबांनी सगळ्या आळीसमोर सुनेला विचारलं, तुझी फरदड तू चांगल्यात का ढकललीस? ती नाही म्हणाली. आबा म्हणाले, वीस वर्षं चुकला नाही तो भाऊ खोटं बोलेल का? त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलत नव्हती. ताट वाढायची, समोर ठेवायची आणि आत जायची.

मी बरीच वर्षं लोकांची मनं ओळखत असल्याचा तोरा मिरवतोय. या म्हाताऱ्याला माझ्या शब्दाचा इतका भरवसा होता की त्यानं घरच्या माणसावर संशय घेतला, हे मात्र मला ओळखता आलं नव्हतं. संशय मी पेरला आणि उगवला तो त्यांच्या घरात. मला ओट्यावर बसवेना.

सून दारात येऊन उभी राहिली. हातात गोणपाटाची लहान थैली होती. ती माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "फरदड मी येगळीच ठेवेल व्हती. ही देखा." थैलीत तिची फरदड होती, तशीच, न विकलेली. पुरावा म्हणून तिनं ती जपून ठेवली होती. मी म्हणालो, अक्का, माझी चूक झाली, मी आत्ता गावात सगळ्यांना सांगतो.

"गावमा नही," ती म्हणाली. "जठे नाव ठेवं, तठेच सांगा."

चार दिवसांनी आबांची ट्रॉली पुन्हा फाटकातून आत आली. कापसावर, अगदी वर, सून बसली होती. ऊन स्वच्छ होतं. मी गॉगल घालून उभा होतो आणि सकाळपासून यार्डानं माझी हौस भागवली होती. "भाऊ, मोटरसायकलवर शेतस का?" असं तीन जणांनी तरी विचारलं होतं. मी हात घातला, मूठ काढली, तंतू फडक्यावर घेतले. डावा डोळा सवयीनं मिटायला गेला, तो मी उघडा ठेवला. मग मोठ्यानं बोललो, जेवढं मोठ्यानं येतं तेवढं. "त्या सोमवारे मी आबानी ट्रॉली परत धाडी. माल चोख व्हता. खोट मना डोयामा व्हती." कोणीतरी मागून म्हणालं, नानांचा चष्मा आला रे. हसले सगळे. शेठ काचेमागून बघत होते. मला वाटलं होतं त्याहून कमी लागलं.

आबा पुढं आले. त्यांच्या हातात द्यायची चिमूट मी सुनेकडे धरली. ती ट्रॉलीवरून उतरली, तिनं ती घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि सासऱ्यापुढं धरली. "आबा, तुमी बी देखा."

आबांनी चिमूट घेतली. डोळ्यांजवळ आणली आणि ते मागं झुकले. मान मागं, खांदे मागं. मग त्यांचा हात हळूहळू लांब गेला, पार कोपर ताठ होईपर्यंत. तो हात मी ओळखला. गेला सबंध हंगाम मी तो यार्डापासून लपवला होता. वीस वर्षांतली किती वर्षं आबा स्वतःचा कापूस न दिसता माझ्या भरवशावर आणत होते, कोण जाणे. आणि त्या सोमवारी मी त्या मागं झुकण्याला पाप समजलो होतो.

"दखास नही मले," आबा म्हणाले.

सून त्यांच्याकडं बघत राहिली. आठवडाभरानंतर ती पहिल्यांदाच त्यांना काही विचारत होती.

"मंग मले काबरं बोलनात?"

आबांनी मान खाली घातली. प्रश्न त्यांना होता, पण त्यांच्या शेजारी दोन्ही डोळे उघडे ठेवून मी उभा होतो, आणि मान मीही खाली घातली.